ब्लॅक लेबलच जास्त आवडली, तर सिंगल माल्ट समजली नाही असं म्हणायचं का?

प्रश्न थोडक्यात असा: गृहस्थ अनेक वर्षं जॉनी वॉकरची ब्लॅक लेबल आणि टीचर्स या स्कॉच व्हिस्क्या घेतात. मुलाने विमानतळावरून स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली बारा वर्षांची सिंगल माल्ट आणली. दोन्ही शेजारी ठेवून घेतल्या, फरक जाणवला, पण आवडली ब्लॅक लेबलच. आता त्यांना विचारायचंय की आपली जीभ कच्ची आहे का, की सिंगल माल्टचं उगाच स्तोम माजलंय? आणि तुलना करायची तर नेमकी कशी?

जीभ कच्ची नाही. स्तोम काही प्रमाणात आहे, पण त्याकडे नंतर येतो. तुम्ही समोर ठेवलेल्या दोन बाटल्यांमध्ये माल्ट (एकाच डिस्टिलरीची) आणि ब्लेंड (अनेक डिस्टिलऱ्यांची मिसळलेली) हा एक फरक होता, आणि त्याहून कितीतरी ठळक असा दुसरा एक फरक होता: एकीत धुराचा स्वाद आहे, दुसरीत जवळजवळ नाही. ब्लॅक लेबलमध्ये स्कॉटलंडच्या आइला बेटावरच्या धुरकट माल्टचा अंश असतो. स्पेसाइडच्या नेहमीच्या बारा वर्षांच्या माल्टमध्ये पेर (नाशपाती), सफरचंद, मध, व्हॅनिला सापडतं. धुराची सवय झालेल्या माणसाला ती फिकी वाटणारच. बारमध्ये काम करणाऱ्या मुलामुलींना व्हिस्की चाखायला शिकवणं हे माझं काम आहे, आणि पहिल्या दिवशी तिथेही हेच होतं. लोक धूर आहे की नाही यावर मत देतात आणि ते माल्ट-ब्लेंडच्या खात्यावर लिहून मोकळे होतात.

म्हणून माझं सांगणं असं, की ब्लेंडची तुलना तिच्यातच पडणाऱ्या माल्टशी करा. तेव्हा दोन्हींचं काम वेगवेगळं दिसू लागतं, आणि चांगली कोणती हा वाद आपोआप मागे पडतो. हे घरी कसं करायचं ते सविस्तर सांगतो. पण आधी कायदा, कारण निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

२००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांनी पाच प्रकार ठरवले आहेत. एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून, पॉट स्टिल नावाच्या भांड्यात घाण्या-घाण्याने गाळलेली ती सिंगल माल्ट. सिंगल ग्रेनही एकाच डिस्टिलरीतली, पण तिच्यात माल्टसोबत गहू किंवा मका असतो आणि ती बहुधा उंच कॉलम स्टिलमधून सलग गाळलेली असते. निरनिराळ्या डिस्टिलऱ्यांच्या सिंगल माल्ट एकत्र केल्या की ब्लेंडेड माल्ट, ग्रेन एकत्र केल्या की ब्लेंडेड ग्रेन, आणि माल्ट-ग्रेन एकत्र आल्या की आपली नेहमीची ब्लेंडेड स्कॉच. बाकी अटी सगळ्यांना सारख्या. ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेलं ओकचं पिंप, स्कॉटलंडमध्येच किमान तीन वर्षं मुक्काम, बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल, आणि पाणी व साधा कॅरॅमल रंग सोडून दुसरं काही घालायला मनाई. वय छापलं असेल तर ते बाटलीतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं. म्हणजे ब्लॅक लेबलवर १२ लिहिलं आहे तर तिच्यातली ग्रेनसुद्धा किमान १२ वर्षांची असावीच लागते. ‘ब्लेंड म्हणजे स्वस्त कोवळा माल मिसळलेला’ असं जे सरसकट बोललं जातं, ते वय छापलेल्या ब्लेंडच्या बाबतीत तरी खरं नाही.

इथे आपल्याकडची एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘स्कॉच माल्ट मिसळलेली’ असं अभिमानाने छापलेल्या अनेक भारतीय व्हिस्क्या दुकानात त्याच फळीवर असतात. त्यांत आयात केलेली स्कॉच माल्ट असते हे खरं, पण बाकीचं इथलं स्पिरिट असतं, त्यामुळे ती स्कॉच होत नाही. उलट टीचर्ससारख्या काही ब्लेंड भारतात बाटलीत भरल्या जातात, त्या मात्र पूर्ण स्कॉच आहेत; पिकलेली व्हिस्की मोठ्या टाक्यांतून येते आणि इथे फक्त पाणी घालून भरली जाते. सिंगल माल्टला ही सवलत नाही. नोव्हेंबर २०१२ पासून ती स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद व्हावी लागते.

आता सिंगल माल्टबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज. ती ‘न मिसळलेली’ असते असं लोकांना वाटतं. डिस्टिलरी एक असते. पिंपं शेकड्यांनी असतात, निरनिराळ्या वयांची, काहींत आधी बर्बन ही अमेरिकन व्हिस्की होती, काहींत शेरी ही स्पॅनिश वाइन. ती सगळी चाखून, जोडून, दर वर्षी तीच चव आणणं हे माल्ट मास्टरचं काम. ग्लेनफिडिकची १५ वर्षांची सोलेरा घ्या. तिचं मोठं लाकडी पीप १९९८ पासून कधीही निम्म्याखाली उतरू दिलेलं नाही. जुनं-नवं सतत एकमेकांत मुरत असतं. बाल्व्हेनीच्या डेव्हिड स्टुअर्ट यांनी बर्बनच्या पिंपातली माल्ट काढून शेरीच्या पिंपात ठेवायची पद्धत रुजवली, त्यातूनच १९९३ ची डबलवुड आली. मिसळण्याची कला दोन्हीकडे आहे. फरक असा की माल्ट मास्टरच्या हाताशी एकाच घराण्याची पिंपं असतात, आणि ब्लेंडरच्या हाताशी सगळा देश असतो.

ही सीमारेषा किती नाजूक आहे ते कार्डूच्या प्रकरणात दिसलं. कार्डू ही स्पेसाइडची डिस्टिलरी, १८९३ पासून जॉन वॉकर कंपनीच्या मालकीची. स्पेनमध्ये कार्डू सिंगल माल्ट इतकी खपू लागली की मालच पुरेना. २००३ मध्ये मालक कंपनीने दुसऱ्या डिस्टिलऱ्यांची माल्ट तिच्यात मिसळायला सुरुवात केली आणि ‘सिंगल माल्ट’ऐवजी ‘प्युअर माल्ट’ असं छापलं. नाव तेच, बाटलीचं रूपही जवळपास तेच. बाकीच्या डिस्टिलऱ्या खवळल्या, प्रकरण ब्रिटनच्या संसदेपर्यंत गेलं आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. आज लेबलवर ‘प्युअर माल्ट’ लिहायला बंदी आहे, त्यामागे हीच घटना आहे. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. मिश्रण करण्यात काहीच गैर नाही, पण काय मिसळलंय हे पिणाऱ्याला कळलं पाहिजे.

ग्रेन व्हिस्कीबद्दल कोणी प्रेमाने बोलत नाही, आणि मला ते खटकतं. एनियास कॉफीने १८३० मध्ये आपल्या कॉलम स्टिलचं पेटंट घेतलं. सलग चालणारं, कमी इंधनात जास्त आणि हलकं स्पिरिट देणारं यंत्र. पॉट स्टिलची माल्ट तेव्हा जड, उग्र आणि दर खेपेला वेगळी निघायची. एडिनबराच्या अँड्र्यू अशरने आणि त्याच्यामागून अनेक किराणा व्यापाऱ्यांनी हे दोन्ही जुळवलं. १८६० च्या कायद्याने कर भरण्याआधीच गोदामात माल्ट-ग्रेन मिसळायची परवानगी मिळाली आणि ब्लेंडिंगने जोर धरला. किल्मार्नकचे वॉकर, ॲबर्डीनचे शिवास बंधू, पर्थचे ड्यूअर, ग्लासगोचे टीचर ही सगळी दुकानदार मंडळी. चहा आणि मसाले जोखणाऱ्या नाकांनी व्हिस्की जोखली. त्याच काळात फायलोक्सेरा किडीने फ्रान्सच्या द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या, ब्रँडी मिळेनाशी झाली आणि ती जागा ब्लेंडेड स्कॉचने घेतली. स्कॉटलंडच्या दुर्गम खोऱ्यांतलं पेय जगभर पोचलं ते ब्लेंडच्या जोरावर. माल्टवाल्यांनी तेव्हाही आक्षेप घेतला होता की ग्रेन ही व्हिस्कीच नव्हे. लंडनच्या इझलिंग्टनमध्ये त्यावरून विक्रेत्यांवर खटले भरले गेले, १९०८ मध्ये रॉयल कमिशन बसलं आणि १९०९ मध्ये निर्णय आला की दोन्ही व्हिस्कीच. सिंगल माल्टला परदेशात स्वतःचं नाव मिळायला मात्र १९६३ साल उजाडावं लागलं, जेव्हा ग्लेनफिडिकने तिची स्कॉटलंडबाहेर जोमाने विक्री सुरू केली.

आजही अनेक माल्ट डिस्टिलऱ्या ब्लेंडच्या मागणीवर उभ्या आहेत. त्यांचा बहुतेक माल ब्लेंडमध्ये जातो, थोडा सिंगल माल्ट म्हणून आपल्यापर्यंत येतो. ब्लेंडला नाक मुरडताना हे लक्षात असावं.

किमतीचं एक गणित सांगतो आणि पुढे जातो. आपल्याकडे स्कॉचवर कित्येक वर्षं १५० टक्के आयात शुल्क होतं. शुल्क टक्क्यांत असलं की मूळ किमतीतला फरकही त्याच पटीत फुगतो. बंदरावर दोन बाटल्यांत ५०० रुपयांचा फरक असेल तर शुल्कानंतर तो १,२५० होतो, आणि वर राज्याचा कर असतो. महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क नोव्हेंबर २०२१ मध्ये ३०० वरून १५० टक्क्यांवर आणलं तेव्हा किमती एकदम उतरल्या. व्हिस्की तीच होती. जुलै २०२५ च्या भारत-ब्रिटन करारात आयात शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. सांगायचा मुद्दा, दुकानातली दुप्पट किंमत पाहून दुप्पट चवीची अपेक्षा ठेवू नका.

आता चाखण्याकडे.

सुरुवात लेबलवरच्या टक्क्यांपासून करा. हे कोणी करत नाही आणि तुलना इथेच बिघडते. भारतात भरलेल्या किंवा भारतासाठी आलेल्या अनेक बाटल्या ४२.८ टक्क्यांच्या असतात. ड्यूटी-फ्रीच्या अनेक बाटल्या ४० टक्क्यांच्या, काही माल्ट ४३ किंवा ४६ च्या. जास्त टक्क्यांची व्हिस्की जड, भरीव आणि ‘दमदार’ वाटते, आणि त्याचं श्रेय आपण भलत्याच गोष्टीला देतो. औषधाच्या दुकानातून बिनसुईची छोटी सिरिंज आणा. १५ मिलि व्हिस्की ४२.८ वरून ४० टक्क्यांवर आणायला साधारण १ मिलि पाणी लागतं. ४३ असेल तर त्याहून किंचित जास्त. ४६ असेल तर सव्वादोन मिलि. पाणी फिल्टरचं, खोलीच्या तापमानाचं. बर्फ अजिबात नको, थंडीने वास दबतो.

ग्लास तोंडाशी निमुळता हवा. ग्लेनकेर्न नावाचा खास व्हिस्कीचा ग्लास मिळाला तर उत्तम, नाहीतर छोटा वाइन ग्लास चालतो. रुंद तोंडाच्या जाड बुडाच्या ग्लासात वास टिकत नाही. प्रत्येकी १५ मिलिपेक्षा जास्त ओतू नका आणि चार ग्लासांच्या पुढे जाऊ नका. थुंकायला एक वाटी ठेवा. व्यावसायिक चाखणारे थुंकतात, त्यात संकोचासारखं काही नाही. वेळ जेवणाआधीची. फोडणी, उदबत्ती, अत्तर, साबणाचा सुगंध, यातलं काहीही हवेत असेल तर थांबा. चखणा नंतर. तिखट-मसालेदार खाल्लेल्या जिभेला ग्रेनचा नाजूक गोडवा कळणार नाही.

आणि नाव झाका. घरातल्या कोणाला तरी ओतायला सांगा, ग्लासाच्या बुडाला क्रमांक चिकटवा. रंगावरही विश्वास ठेवू नका, कारण कॅरॅमल घालून रंग हवा तेवढा गडद करता येतो. गडद रंग दिसला की मन शेरीची मनुका शोधायला लागतं आणि ती सापडतेसुद्धा. ग्लासांभोवती कागद गुंडाळला तरी काम भागतं.

ओतल्यावर ग्लासावर बशी झाकून दहा मिनिटं राहू द्या. मग तोंड किंचित उघडं ठेवून, नाक ग्लासाच्या कडेशी नेऊन हलकेच हुंगा. नाक आत खुपसून जोरात श्वास घेतलात तर अल्कोहोलने नाक बधिर होईल. दोन-तीनदा हुंगल्यावर आपल्याच बाहीचा वास घ्या, नाक ताळ्यावर येतं. पहिला घोट फक्त तोंड तयार करायला. त्यावरून मत बनवू नका. दुसरा घोट तोंडभर फिरवा, थुंका किंवा गिळा, आणि गप्प बसा. अर्ध्या मिनिटानंतर तोंडात काय उरलंय ते पाहा. हे सगळं आधी कागदावर लिहा, मग बोला. टेबलावर एकाने ‘व्हॅनिला’ म्हटलं की सगळ्यांना व्हॅनिलाच यायला लागते.

लिहिताना आपले शब्द वापरा. हेदर, टॉफी, क्रिसमस केक असल्या शब्दांची गरज नाही. सुकं खोबरं, तुपावर भाजलेला रवा, मनुका, काकवी, लिंबाची साल, विझलेल्या चुलीची राख, सुतारकामाचा भुसा, टिंक्चर आयोडीन. हे वास तुम्ही लहानपणापासून ओळखता आणि त्यांतले बरेचसे व्हिस्कीत खरोखर असतात. अमेरिकन ओकमधले लॅक्टोन खोबऱ्याचा वास देतात, लाकडातलं लिग्निन तुटून व्हॅनिलिन तयार होतं, आणि पीटच्या (मोड आणलेली बार्ली वाळवताना जाळतात त्या दलदलीतल्या इंधनाच्या) धुरातली फिनॉल वर्गातली द्रव्यं राखेचा, आयोडीनचा वास देतात.

शुद्ध चाखून झाल्यावर प्रत्येक ग्लासात व्हिस्कीइतकंच पाणी घाला. साधारण २० टक्क्यांवर येईल. ब्लेंडर रोज याच तीव्रतेवर नाकाने काम करतात, कारण अल्कोहोलची झळ कमी झाली की दोष आणि गुण दोन्ही उघडे पडतात. पाण्याने धुराचा वास का वाढतो यावर स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर काम केलं. ग्वायाकॉल हे धुरकट वासाचं द्रव्य ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाजवळ राहतं आणि ५९ टक्क्यांच्या वर द्रवात आत ओढलं जातं, असं त्यांना आढळलं. ‘पाणी घातलं की माल्टचा अपमान होतो’ म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

तुमच्यासाठी मी चार ग्लास असे लावीन: कार्डू १२, क्लायनलिश १४, कल ईला १२ आणि ब्लॅक लेबल. कार्डू, क्लायनलिश, कल ईला आणि लोलँडची ग्लेनकिंची या चार डिस्टिलऱ्यांना जॉनी वॉकर स्वतःच आपले चार कोपरे म्हणून पुढे करते, त्यामुळे हा अंदाजपंचे खेळ नाही. सगळ्या ४० टक्क्यांवर आणा. ब्लॅक लेबल आधी चाखा, मग कार्डू, क्लायनलिश, शेवटी कल ईला, आणि पुन्हा ब्लॅक लेबल. दोनदा चाखण्यात सगळी गंमत आहे.

पहिल्यांदा ब्लॅक लेबल एकसंध लागते. मनुका, व्हॅनिला, थोडी संत्र्याची साल, आणि गिळल्यावर मागून येणारा धूर. कार्डूत मध आणि सफरचंद, सरळ, स्वच्छ. क्लायनलिश तोंडात घेतल्यावर पहिल्यांदा स्पर्श कळतो, चव नंतर: मेणाचा एक गुळगुळीत थर जिभेवर पसरतो. स्पिरिट जमा होतं त्या टाक्यांत साचणाऱ्या चिकट थराला याचं श्रेय दिलं जातं. टाक्या घासून लख्ख केल्या तेव्हा मेणही नाहीसं झालं होतं, असं तिथली मंडळी सांगतात. कल ईला रंगाने फिकी, पण नाकाशी नेताच राख, लिंबू, खारट वारा आणि थोडा तेलकटपणा. तिची बार्ली पोर्ट एलनच्या त्याच माल्टिंगमधून, म्हणजे बार्लीला मोड आणण्याच्या कारखान्यातून येते जिथून आइलाच्याच लागाव्हुलिन डिस्टिलरीची येते, धुराचं प्रमाणही जवळपास तेच. तरी कल ईला हलकी आणि तरतरीत, लागाव्हुलिन जड आणि गोडसर. फरक स्टिलमध्ये आणि गाळताना मधला भाग कुठे तोडला त्यात आहे. म्हणून बाटलीच्या माहितीत फिनॉलचा पीपीएम (दहा लाख भागांत किती) आकडा दिसला तर त्यावर फार जाऊ नका. तो माल्ट केलेल्या बार्लीचा असतो, ग्लासातल्या व्हिस्कीचा नव्हे.

आता पुन्हा ब्लॅक लेबल. या वेळी ती उलगडते. मागून येणारा धूर कुठून आला ते कळतं, मधला गोडवा कोणाचा ते कळतं. आणि या तिघींपैकी कोणाचीच नसलेली एक गोष्टही सापडते: त्यांना जोडणारा, पातळ, टॉफीसारखा गोड पाया. ती ग्रेन. कॅमरनब्रिजची सिंगल ग्रेन कधी मिळाली तर ती दुसऱ्या एखाद्या दिवशी ओता, हा पाया एकटा चाखायला मिळेल. ग्रेन नसती तर कल ईलाच्या धुराने बाकी दोघींना झाकून टाकलं असतं. तिच्यामुळे धुराला शेवटपर्यंत थांबावं लागतं. हा क्रम ठरवणं, आणि हातातली पिंपं दर वर्षी बदलत असताना तो तसाच राखणं, हे मी फार वरच्या दर्जाचं कसब मानतो.

मग सिंगल माल्ट कशासाठी? ती एकच गोष्ट शेवटपर्यंत सांगते. क्लायनलिशचं मेण ब्लेंडमध्ये तुम्हाला जाणवेलही, पण त्याचा माग काढत बसता येत नाही. एका जागेचं, एका स्टिलच्या आकाराचं, काही पिंपांचं वैशिष्ट्य कडेपर्यंत पाहायचं तर सिंगल माल्टला पर्याय नाही. तिथे तोल थोडा ढळलेला असतो आणि तोच हवासा वाटतो. माझं स्वतःचं मत विचाराल तर ४० टक्क्यांची, गाळून-गाळून गुळगुळीत केलेली, कोणालाच न खटकणारी प्रवेशपातळीची माल्ट घेण्यापेक्षा त्याच पैशांत चांगली १२ वर्षांची ब्लेंड मी केव्हाही घेईन. आणि माल्ट घ्यायची तर स्वभाव असलेली घेईन, शक्यतो ४६ टक्क्यांची, थंड करून न गाळलेली.

चार बाटल्यांचा खर्च जास्त वाटत असेल तर तुमच्या दुसऱ्या आवडीवर या. टीचर्स आणि आर्डमोर. आर्डमोर डिस्टिलरी टीचर कुटुंबाने १८९८ मध्ये ॲबर्डीनशरमध्ये खास या ब्लेंडला माल्ट पुरवायला उभी केली. तिचा धूर हायलँडच्या पीटचा, मातकट, कोरड्या लाकडाचा. आइलाचा दवाखान्यासारखा वास त्यात नाही. दोनच ग्लासांत ब्लेंड आणि तिचा कणा शेजारी-शेजारी दिसतात. या दोघांच्या मध्ये ब्लेंडेड माल्ट ठेवायची असेल तर जॉनी वॉकर ग्रीन लेबल आहे, १५ वर्षांची, टॅलिस्कर, कल ईला, क्रॅगनमोर आणि लिंकवुड यांची. ग्रेन काढून टाकल्यावर काय होतं ते तिच्यात कळतं.

मुलाने आणलेल्या माल्टमध्ये आणि ब्लॅक लेबलमध्ये फरक ओळखता येतो का, याची खात्री करायची असेल तर तीन ग्लासांची चाचणी करा. दोनांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कोणती ते सांगायचं. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून सलग तीनदा करा. तिन्ही वेळा बरोबर यायची शक्यता नशिबाने सत्तावीसात एक. धुराच्या जोडीत हे सोपं जाईल. मग शिवास रीगल १२ आणि स्पेसाइडची बिनधुराची माल्ट अशी जोडी लावा. शिवासचा गाभा स्ट्रॅथायला डिस्टिलरीची माल्ट, म्हणजे तीही स्पेसाइडचीच. इथे अनुभवी माणसंही चुकतात, आणि इथेच खरी ग्रेन आणि माल्टची तुलना होते, कारण धूर मध्ये येत नाही.

सोड्याबद्दल. आपल्याकडे बहुतेक लोक सोडा किंवा पाणी घालूनच घेतात, तुम्हीही घेत असाल. तर एक फेरी तशीच करा, एकास तीन, दोन्हींत सारखं. अनेक ब्लेंड सोड्यात उभ्या राहतील अशाच बांधलेल्या असतात. स्पेसाइडच्या नाजूक माल्टचा पेर आणि मध सोड्यात विरघळून जातो, उरतो तो ओकचा कडवटपणा. धुरकट माल्ट मात्र सोड्यात छान खुलते. तुम्ही रोज ज्या पद्धतीने घेता त्या पद्धतीत जी व्हिस्की चांगली लागते ती तुमच्यासाठी चांगली, मग ती शुद्ध चाखताना दुसरी आलेली असो.

ग्लास लगेच धुवू नका. रात्रभर तसेच उपडे न करता ठेवा आणि सकाळी हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, लाकूड आणि धूर मागे राहतात. कार्डूच्या ग्लासात वाळलेल्या मधाचा वास येईल, कल ईलाच्या ग्लासात राख. ब्लॅक लेबलच्या ग्लासात दोन्ही, पण राख फार थोडी. मी शिकवतो तिथे ही सकाळची फेरी कधीच वगळत नाही.

गोव्यात जाणं झालं तर पॉल जॉन चाखा. ही सिंगल माल्ट कुंकळीला तयार होते. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते, गोव्याच्या उकाड्यात त्याच्या कित्येक पट. त्यामुळे थोड्याच वर्षांत लाकूड इतकं उतरतं की १२ वर्षांच्या स्कॉचशेजारी ती कोवळी वाटत नाही. वयाच्या आकड्यावरून व्हिस्की जोखणं किती फसवं आहे हे तिच्याइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

राहिली तुमची स्पेसाइडची बाटली. ती उभीच ठेवा, आडवी नको, अल्कोहोल बूच खातं. उन्हापासून लांब, कपाटात. निम्म्याखाली गेली की आतल्या हवेने चव हळूहळू उतरते, तेव्हा छोट्या स्वच्छ बाटलीत काढून ठेवा किंवा काही महिन्यांत संपवा. आणि मुलगा पुन्हा कुठून येणार असेल तर या वेळी स्पेसाइड नको, कल ईला १२ सांगा.